रोजच्या घांसाचा इतिहास

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस हंसूं येईल. बत्तीस वर्षें मुलांस इतिहास शिकविलेल्या मास्तरानें पिठलें, भाकरी आणि थालिपीठ यांवर बोलावयास बसावें, हें जरा चमत्कारिक दिसतें खरें. परंतु हा विषय मीं निवडला नाहीं. तो माझ्यापुढें येऊन उभा राहिला. त्याची हकीकत अशी.

गेल्या पावसाळ्यांत माझी पत्नी तीन आठवडे अंथरुणास खिळून होती. त्या दिवसांत घरांतील भाजणीचा डबा रिकामा झाला. नवी भाजणी करावी म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्या उशाशीं बसलों आणि कोणतें धान्य किती घ्यावयाचें तें विचारलें. ती म्हणाली, "अहो, अदमासानें घ्यायचें." अदमास म्हणजे किती, असें विचारतां उत्तर मिळालें, "सासूबाई घेत तितका." आतां सासूबाई म्हणजे माझी आई, तिला जाऊन पंधरा वर्षें झालीं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली हें मला झोपेंतून उठवून विचारलें तरी सांगतां येईल. परंतु ज्या पिठावर मी लहानाचा मोठा झालों त्याचें प्रमाण मला ठाऊक नव्हतें, आणि तें कोठें लिहून ठेवलेलेंहि नव्हतें. त्या दिवसापासून घरच्या साध्या, स्वस्त जेवणाचा इतिहास शोधण्याचा मला नाद लागला. त्यांतून जें हातीं आलें तेंच आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

आपल्याकडे अन्नाविषयीं कोणी लिहिलेंच नाहीं, असें मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकांतील, इ. स. ११३० च्या सुमाराचा आहे. त्यांत अन्नभोगाचें स्वतंत्र प्रकरण असून, मांडे तेथें 'मंडक' या नांवानें भेटतात, पुरी 'पूरिका' म्हणून आणि वडा 'वटक' म्हणून. सतराव्या शतकांत रघुनाथ गणेश नवहस्त यानें 'भोजनकुतूहल' रचिलें. त्यांत खाद्यपदार्थांचे गुणदोष आयुर्वेदाच्या आधारें सांगितले आहेत. छापखाना आल्यानंतर १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' निघालें, आणि १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया'. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरे'नें वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचविलें. या सर्वांचे उपकार मानावे तितके थोडेच आहेत.

परंतु राजाच्या मुदपाकखान्याविषयीं लिहिणाऱ्यास ज्वारीची भाकरी दिसण्याचें कारण नव्हतें. छापील पुस्तक गेलें तें जेथें स्त्री साक्षर होती अशा घरांत. आणि तेथेंहि पुस्तक उघडलें जाई तें बहुधा नवें कांहीं करावयाचें म्हणून, सणावारीं, पाहुण्यांसाठीं. रोजचा स्वयंपाक सर्वांस येतोच, तो लिहावयाचा कशाला, असें लिहिणाऱ्यानें आणि वाचणाऱ्यानेंहि धरून चालावें, हें स्वाभाविक होतें. त्यामुळें बासुंदीचें प्रमाण कागदावर आलें आणि पिठल्याचें हातांतच राहिलें.

ज्यांचे ते हात, त्या स्त्रियांनीं स्वतःचें वाङ्मय निर्माण केलें नाहीं असें नाहीं. जात्यावरच्या ओव्या हें त्यांचेंच वाङ्मय. साने गुरुजींनीं अशा ओव्या प्रेमानें जमविल्या. पुढें गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे, आणि पहांटेच्या दळणाचे कष्टहि आहेत. परंतु सुपांत कोणतें धान्य किती होतें, तें ओवींत सांगण्याची गरज कोणास वाटणार? तें सुपांत दिसतच होतें. गांवांत पिठाची गिरणी आली, स्त्रियांच्या हातांस विसांवा मिळाला, हें फार चांगलें झालें. मात्र जात्यासमोर बसून सासूचें पाहून सून जें शिके, तें शिकण्याची जागाहि हळूहळू गेली.

मग हा इतिहास शोधावयाचा कोठें? माझ्या मतें तो ताटांतच शोधावा. आपल्या जेवणाची पहिली आखणी केली ती पावसानें आणि मातीनें. कोंकणांत पाऊस मुबलक, म्हणून भात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. भात निघाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा आणि कुळीथ. देशावर पाऊस थोडा, परंतु काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी. हलक्या जमिनींत बाजरी. आणि जोडीस तूर, हरभरा, मटकी, करडई. खानदेशांत ज्वारींत उडीद मिसळून दळतात आणि त्याची कळण्याची भाकरी करतात. गव्हाची पोळी माझ्या लहानपणीं आमच्या सोलापूरकडच्या गांवांत सणाची वस्तु होती. पाहुण्याच्या पानांत पोळी पडली कीं आम्ही मुलें दाराआडून पाहत असूं.

आतां या निरनिराळ्या ताटांत एक गोष्ट सारखी आहे, तिकडे लक्ष द्यावें. वरण-भात घ्या, कुळथाचें पिठलें आणि भात घ्या, भाकरी-पिठलें, कळण्याची भाकरी, मुगाची खिचडी किंवा थालिपीठ घ्या. प्रत्येकांत एक तृणधान्य आहे आणि एक कडधान्य आहे. आजचें आहारशास्त्र याचें कारण सांगतें. ज्वारी, तांदूळ, गहूं यांतील प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत मेथायोनिन कमी, तें तृणधान्यांत मिळतें. दोन्हीं एका ताटांत आलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. दूध-अंडीं-मांस ज्यांस रोज परवडत नव्हतें त्यांचीं मुलें या जोडीवर वाढलीं. आमच्या आयांना लायसिन हा शब्द ठाऊक नव्हता. नुसत्या भाकरीवर मूल धरत नाहीं, एवढें त्यांस ठाऊक होतें.

काटकसरीच्या दृष्टीनें पाहिलें तर पिठल्यासारखा पदार्थ नाहीं. एक वाटी डाळीचें पीठ, साडेतीन-चार वाट्या पाणी, पळीभर तेलाची फोडणी, मिरची, लसूण, मीठ. दहा मिनिटांत चार माणसांचें कालवण होतें. पाहुणा आला तर पाणी थोडें वाढवावें. शेतांत न्यावयाचें असेल तर घट्ट झुणका करावा, म्हणजे तो भाकरीवर बसतो आणि सांडत नाहीं. भाकरीचेंहि एक शास्त्र आहे. गव्हांत ग्लुटेन नांवाचें चिवट द्रव्य असतें, म्हणून पोळी लाटतां येते. ज्वारींत तें नाहीं. म्हणून तिचें पीठ ऊन पाण्यांत मळून, हातानें थापून भाकरी करतात. पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते आणि भाकरी थापतांना चिरा पडतात. म्हणून शहाणी गृहिणी ज्वारी थोडीथोडीच दळून आणते.

भाजणीची युक्ति याहून निराळी. येथें प्रत्येक धान्य आणि डाळ वेगवेगळी भाजतात, कारण सर्वांस सारखा वेळ लागत नाहीं. तांदूळ फुलेपर्यंत धणे करपून जातील. भाजल्यानें ओलावा उडतो, म्हणून हें पीठ अधिक दिवस टिकतें. कच्चेपणा जातो, आणि जो खमंगपणा येतो तो निराळाच. शाळेंतून भुकेलें मूल आलें कीं त्यांत कांदा, कोथिंबीर आणि तिखट-मीठ घालून थालिपीठ थापावें, मधोमध भोकें पाडावीं म्हणजे तेल खालपर्यंत जातें, आणि झांकण ठेवून भाजावें. न्याहारीस किंवा मधल्या वेळीं खावयाचे असे आणखीहि पदार्थ आहेत: मेतकूट-भात, धिरडीं, वऱ्हाडांतील उकडपेंडी, ज्वारीच्या लाह्या, गूळ-शेंगदाणे. शिळ्या पोळीचा फोडणी घातलेला कुस्करा आणि शिळी भाकरी ताकांत कुस्करून केलेला काला, हे तर उरलेल्या अन्नाला दिलेले दुसरे जन्मच होत.

येथवर ऐकून एखाद्यास वाटेल कीं हें सारें आपल्या पूर्वजांनीं अनादि कालापासून जसेंच्या तसें चालवीत आणलें. तसें मुळींच नाहीं. सोमेश्वर राजाच्या स्वयंपाकघरांत मिरची नव्हती, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता. हीं तिन्हीं अमेरिका खंडाचीं. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यानंतरच्या काळांत त्यांच्या व्यापारी वाटेनें हे आणि असे अनेक जिन्नस आपल्या किनाऱ्यास लागले. 'बटाटा', 'काजू', 'पाव' हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. तत्पूर्वीं तिखटपणा यावयाचा तो मिरें, पिंपळी आणि आलें यांचा. मिरें विकत आणावें लागे. मिरची परसांत लावतां येई. गरिबाच्या घरांत मिरची एवढ्या लवकर कां शिरली, याचें माझ्या मतें हेंच कारण.

आणि एक गंमत पाहा. आपण एकादशीस साबुदाण्याची खिचडी करतों. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाण्याचें कूट, बटाटा, हिरवी मिरची, सारें अमेरिका खंडाचेंच. आपल्या देशांत साबुदाण्याचा धंदा वाढला तो तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ च्या सुमारास, मलाया-सिंगापूरकडून येणारा माल बंद पडल्यावर, आणि तोहि तामिळ मुलखांतील सेलमच्या आसपास. म्हणजे उपासाच्या त्या पवित्र खिचडींत जुनें आपलें काय, तर तूप आणि जिरें! उपासाला धान्य वर्ज्य. हीं नवीं फळें-कंदमुळें वर्ज्याच्या यादींत नव्हतीं, म्हणून तीं चालून गेलीं असावींत. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. जें स्वस्त आहे, पोट भरतें आणि मुलांस आवडतें, तें परकें असलें तरी गृहिणीनें पारखून घेतलें आणि दोन-तीन पिढ्यांत आजीचें करून टाकलें.

ही पारख ज्या शाळेंत झाली ती शाळा म्हणजे दुष्काळ. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खनला किती भोंवला हें तुकोबारायांच्या चरित्रावरून आपणांस ठाऊक आहे. मी आपलें लक्ष १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडे वेधूं इच्छितों. त्या वेळीं दुष्काळी कामावरील माणसास किती अन्न पुरे, हा सरकारी प्रश्न झाला. सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं ठरविलें कीं, कामावरील पुरुषास दिवसाकाठीं एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे. म्हणजे आजच्या मापानें सुमारें ४५० ग्रॅम. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास विरोध केला. दिवसभर कष्ट करणाऱ्यास निदान दीड पौंड धान्य पाहिजे, आणि धान्याबरोबर डाळ-भाजीहि पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंहि लोकांची बाजू मांडली. अखेर मार्च १८७७ मध्यें मद्रास सरकारनें धान्य सवा पौंड केलें आणि त्यांत दीड औंस डाळ घातली. श्रोतेहो, ही दीड औंस डाळ मला फार बोलकी वाटते. एवढें मोठें सरकार, त्याचे हिशेब, त्याचे डॉक्टर, आणि इतक्या वादानंतर तें येऊन पोंचलें कोठें, तर धान्यास डाळीची जोड पाहिजे, या आमच्या चुलीपुढच्या जुन्या गोष्टीपाशीं.

माझा स्वतःचा दुष्काळ १९७२ चा. मी त्या वेळीं अकरा वर्षांचा होतों. पाऊस सलग हुकलेला, विहिरी कोरड्या, आणि आईबाप दोघेंहि दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. कामावर सुकडी मिळे. तिचा गोडवा अजून माझ्या जिभेवर आहे. रेशनवर अमेरिकेंतून आलेली लाल मिलो ज्वारी येई. तिची भाकरी आमच्या मालदांडीसारखी होत नसे. थापतां थापतां तुटे. आईनें दोन दिवस ती तुटकी भाकरी आम्हांस वाढली, तिसऱ्या दिवशीं पिठाची उकड काढून पाहिली, मग त्यांत मूठभर डाळीचें पीठ घालून धिरडीं केलीं. अशा रीतीनें महिन्याभरांत त्या परक्या धान्याच्या चार तऱ्हा आमच्या घरांत झाल्या. तांदुळजा, घोळ, पाथरी अशी जी रानभाजी दिसे ती ती पदरांत घेऊन येई.

परंतु त्या काळची आणखी एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, नाहीं तर हें भाषण नुसतें काटकसरीचें कौतुक होईल. त्या वर्षीं आईचे उपास वाढले. पंचांगांत एकादश्या महिन्यास दोन. आमच्या घरीं त्या आठवड्यास दोन येऊं लागल्या. "आज माझी एकादशी आहे" असें म्हणून ती आपल्या वांट्याची भाकरी आमच्या ताटांत टाकी. त्या एकादशीस साबुदाणा नसे, शेंगदाणा नसे, पाणी असे. आम्हीं भावंडांनीं ती भाकरी खाल्ली आणि तिथि विचारली नाहीं. पुढें मी मॅट्रिक होऊन मास्तर झालों, पंचांग पाहावयास शिकलों, आणि मग एके दिवशीं तो हिशेब माझ्या ध्यानीं आला. तिला विचारण्याचें धैर्य मला कधींच झालें नाहीं.

म्हणून घरच्या स्वस्त जेवणाची थोरवी गातांना तें स्वस्त कोणास पडलें, हेंहि विचारलें पाहिजे. पुरुष आधीं, मुलें नंतर, आणि बाई सर्वांच्या शेवटीं, उरलें तर, ही आपल्याकडील पंगतीची जुनी रीत. पिठल्यांत वाढविलेलें पाणी पुष्कळदां तिच्याच वांट्यास आलें. तिच्या ज्ञानाचें मोल आपण केव्हां ओळखलें? तें बाजारांत आलें तेव्हां. १९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटावयास आरंभ केला; त्यांतून 'लिज्जत' ही संस्था उभी राहिली. गिरणगांवांत कामगारांस जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं 'अन्नपूर्णा महिला मंडळा'च्या रूपानें संघटित केलें. जें घरांत 'त्यांत काय मोठेंसें' म्हणून मोजलें जात नव्हतें, त्याचा हिशेब वहींत आल्याबरोबर तो उद्योग ठरला.

आपण शहरांत राहणारीं सुशिक्षित माणसें. आपल्या घरांत आज जिन्नसांची वाण नाहीं, वेळेची आहे. तयार पाकिटांतील खाऊ मुलांच्या हातीं देणें सोपें वाटतें, आणि त्याबद्दल कोणा थकलेल्या आईस बोल लावण्याचा माझा अधिकार नाहीं. मीं स्वतः साठ वर्षें आयतें खाल्लें आहे. माझी विनंति एवढीच कीं, हें ज्ञान नाहींसें होण्यापूर्वीं तें कागदावर यावें, आणि तें एकट्या बाईच्या हातांत न राहतां घरांतील सर्वांच्या हातांत यावें.

माझ्या पत्नीस बरें वाटल्यावर आम्ही दोघांनीं मिळून भाजणी केली. ती आपल्या अदमासानें धान्य काढी. मी तें वाटीनें मोजून वहींत लिहीं आणि मग कढईंत टाकीं. तें प्रमाण असें निघालें: ज्वारी चार वाट्या, बाजरी चार वाट्या, तांदूळ दोन, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, गहूं एक, धणे अर्धी वाटी आणि जिरें दोन चमचे. सर्व लिहून झाल्यावर मीं विचारलें, थालिपीठ भिजवतांना पाणी किती? ती म्हणाली, "पीठ मागेल तितकें." तेंहि मीं तसेंच लिहून ठेवलें आहे. दुसऱ्या दिवशीं पहिलें थालिपीठ मीं थापलें. तें जरा जाड झालें आणि एका बाजूनें करपलें. आधीं तिच्या पानांत वाढलें.

श्रोतेहो, आपल्याहि घरांत कोणी वडीलधारी बाई असेल. आजच संध्याकाळीं वही घेऊन तिच्याजवळ बसा.